हेलिकॉप्टर टीव्हीत मावलं नाही, त्यात आळस कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या हेलिकॉप्टर गेमवरचा लेख वाचला. मराठी पेपरात या विषयाला अख्खं पान मिळालं याचा आनंद आहेच. पण लेखाचा एकूण सूर असा, की हे गेम घरच्या मशीनवर आणताना कंपन्यांनी निव्वळ पाट्या टाकल्या आणि लोकांच्या गळ्यात फिक्या झेरॉक्स मारल्या. पुराव्यादाखल ‘थंडर ब्लेड’चे दोन फोटो शेजारी-शेजारी छापलेत, एक पार्लरच्या मशीनचा आणि एक सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हचा, म्हणजे घरी टीव्हीला जोडायच्या मशीनचा. खाली विचारलंय, ‘फरक सांगायला हवा का?’ फरक आंधळ्यालाही दिसेल. तो का पडला हे मात्र सांगायला हवं, आणि ते फोटोत दिसत नाही. त्यासाठी मशीनचा मागचा पत्रा काढावा लागतो.

हे पत्रे काढण्यातच माझी उमर गेली. तरुणपणी मुंबईत एका पार्लरवाल्याकडे मॉनिटर आणि बोर्डांचं काम करायचो, नंतर मिरजेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान आता पुतण्या बघतो. टीव्ही कमी, मोबाईल जास्त. मी गल्ल्याशेजारी बसून पेपर वाचतो आणि राहवलं नाही की पत्र लिहितो.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक गेम कशाच्या तरी आधारावर उभा असतो. काहींचा आधार मशीनमध्ये असतो, काहींचा नियमांत. मशीनच्या जिवावर उभा असलेला गेम घरी आणला की बसतो, मग आणणाऱ्याने कितीही जीव ओतो. नियमांवर उभा असलेला गेम चित्र गचाळ झालं तरी तगून राहतो. लेखकाने सगळ्यांना एकाच काट्यावर तोललंय, आणि तो काटा चित्राचा आहे.

आता ‘थंडर ब्लेड’च घ्या. सेगाने तो १९८७ साली पार्लरमध्ये आणला. आतल्या बोर्डाला एक्स बोर्ड म्हणतात. ‘आफ्टर बर्नर’ही त्याच बोर्डावर चालायचा. त्यात ६८००० जातीचे दोन प्रोसेसर, प्रत्येकी १२.५ मेगाहर्ट्झचे. पण करामत त्यांची नव्हती. चित्र लहान-मोठं करायला त्या बोर्डावर वेगळी सर्किटं होती. लांबवर दिसणारी इमारत आणि नाकासमोर आलेली इमारत ही मेमरीतली एकच आकृती. ती किती फुगवायची हे सर्किट जागच्या जागी बघायचं. म्हणून इमारती अंगावर धावून यायच्या. हेलिकॉप्टर वरून दिसायचं त्या भागातही तीच युक्ती. उंच इमारत म्हणजे एकावर एक रचलेल्या आकृत्यांची चळत. आपण बाजूला सरकलो की वरचे मजले खालच्यांपेक्षा जास्त सरकायचे आणि पोटात खड्डा पडायचा. एका हातात दांडा, दुसऱ्या हाताशी गतीचा लिव्हर. बसून खेळायच्या मोठ्या मशीनमध्ये तर दांड्याबरोबर खुर्चीही झुकायची. ती मी फोटोतच पाहिली. आमच्या मालकाच्या जागेत तिचं भाडंसुद्धा सुटलं नसतं.

मेगा ड्राइव्ह जपानात विक्रीला आला २९ ऑक्टोबर १९८८ रोजी, किंमत २१,००० येन. त्याच दिवशी ‘सुपर थंडर ब्लेड’ दुकानात आला. प्रोसेसर त्याच ६८००० जातीचा, पण एकच आणि साडेसात मेगाहर्ट्झच्या जरा वर. मदतीला झेड८० नावाचा एक छोटा प्रोसेसर. चित्र लहान-मोठं करणारं सर्किट मुळातच नाही. मग करायचं काय? प्रत्येक इमारत, प्रत्येक खांब वेगवेगळ्या मापांत आधीच काढून कॅसेटीत भरून ठेवायचा, आणि हेलिकॉप्टर पुढे गेलं की एक माप काढून दुसरं ठेवायचं. जितकी जास्त मापं तितकी जास्त मेमरी, आणि मेमरी म्हणजे पैसा. त्यामुळे मापं मोजकीच, आणि मधल्या उड्या डोळ्यांना खटकतात. लेखकाने ज्याला ‘लुकलुकणारा कारभार’ म्हटलंय तो हाच.

यात मला आळस दिसत नाही. दिसते ती हाव. ‘सुपर’मध्ये वरून दिसणारा भाग जवळजवळ काढून टाकला, तो मोठ्या शत्रूंशी गाठ पडते तेवढ्यापुरता ठेवला. म्हणजे या मशीनला जे झेपलं असतं ते गाळलं आणि जे झेपत नव्हतं, मागून दिसणारं हेलिकॉप्टर आणि धावत येणाऱ्या इमारती, तेच गेमभर पसरलं. नवं सोळा बिटांचं मशीन पहिल्याच दिवशी दुकानात मांडायचं, तर त्यावर गिऱ्हाईक थबकेल असं काहीतरी दिसायला हवं होतं. सपाट जमिनीवरून उडणारं हेलिकॉप्टर तर जुन्या मशीनवरही होतं. दुकानदार म्हणून मला हा हिशोब कळतो. खेळणारा म्हणून पटत नाही.

आणि याच ‘थंडर ब्लेड’चं पुढे काय झालं ते लेखात हवं होतं. एमटू नावाच्या जपानी कंपनीने २०१४ साली तो निन्टेन्डो ३डीएसवर आणला. चष्म्याशिवाय खोली दाखवणाऱ्या त्या पडद्यावर इमारतींच्या त्या चळती खरोखर वर आलेल्या दिसतात. १९८७ च्या बोर्डाने जो आभास केला होता तो पडद्यावर उतरायला सत्तावीस वर्षं जावी लागली, आणि उतरला कुठे, तर खिशात मावणाऱ्या मशीनवर.

मशीनच्या जिवावर जगणाऱ्या गेमचा आणखी टोकाचा नमुना म्हणजे डेटा ईस्टचा १९८४ चा ‘कोब्रा कमांड’. तो लेझरडिस्कवरून, म्हणजे फिल्म साठवणाऱ्या मोठ्या तबकडीवरून चालायचा. हाताने काढलेली ॲनिमेशन फिल्म पुढे सरकत राहायची, आपण वेळेवर दांडा वळवायचा आणि गोळी मारायची. चुकलो की स्फोटाचा तुकडा. गेम म्हणजे ती फिल्मच. १९९२ च्या सुमारास तो मेगा सीडीवर, म्हणजे मेगा ड्राइव्हला जोडायच्या सीडी ड्राइव्हवर आला. ती ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचणार, पडद्यावर एका वेळी ६४ रंग. फिल्म छोट्या चौकटीत आली, दाणेदार झाली, रंग भुरकट झाले. चित्र काढून घेतल्यावर खाली नियम म्हणून उरलं काय, तर ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’. इथे लेखकाशी माझं काही भांडण नाही.

भांडण आहे ते ‘टायगर-हेली’वरून. लेखात त्याची बोळवण दोन ओळींत केलीय, ‘धक्के खात चालणारी गरीब आवृत्ती’ म्हणून.

‘टायगर-हेली’ टोआप्लान या जपानी कंपनीचा, १९८५ चा. पार्लरमध्ये तो टायटोने आणला. हेलिकॉप्टर वरून दिसतं, जमीन खाली सरकत राहते. आकाशात शत्रू नाहीत. रणगाडे, तोफा, बोटी, सगळं जमिनीवर नाही तर पाण्यात. आपल्या गोळ्या पडद्याच्या टोकापर्यंत जात नाहीत, मध्येच संपतात. म्हणजे रणगाडा मारायचा तर त्याच्या जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेलं की त्याची गोळी चुकवायला वेळ कमी. एक गोळी लागली की खलास.

आता त्यातली मेख. हेलिकॉप्टरच्या दोन बाजूंना दोन बाँब लटकलेले दिसतात, चित्रातच, कोपऱ्यातल्या आकड्यात नाही. बटण दाबलं की एक फुटतो आणि भोवतालचं सगळं साफ होतं. पण शत्रूची गोळी हेलिकॉप्टरला न लागता बाजूच्या बाँबला लागली, तर बाँब आपोआप फुटतो आणि आपण वाचतो. म्हणजे बाँब हे शस्त्रही आणि ढालही. वापरला की ती बाजू उघडी पडली. दोन्ही वापरले की नागवं हेलिकॉप्टर घेऊन पुढे जा. पार्लरमध्ये मुरलेली पोरं बाँब राखून ठेवायची आणि नवखी पहिल्या दहा सेकंदांत उडवायची. उभं राहून नुसतं बघितलं तरी कोण किती पाण्यात आहे ते कळायचं. शिवाय वाटेत छोटी हेलिकॉप्टरं मिळायची, एक जात पुढे गोळी मारणारी, दुसरी बाजूंना. कुठली जोडून घ्यायची यावर पोरांत वाद.

हा गेम फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या घरच्या मशीनवर, आणला मायक्रोनिक्स कंपनीने. धक्के खातो, कबूल. एकाच ओळीत चार गोष्टी आल्या की चित्रं लुकलुकतात, कबूल. फॅमिकॉमचं चित्र बनवणारी चिप एका आडव्या रेषेवर चित्राचे आठच हलते तुकडे दाखवू शकते. नववा आला की कुणीतरी गायब होणार. पण दोन बाँब दोन बाजूंना लटकलेले तिथेही आहेत. गोळ्या तिथेही आखूडच आहेत. एका टप्प्याचं काम आटोपलं की हेलिपॅडवर उतरून घटकाभर दम खायचा, तेही तिथे आहे. गेम ज्या खांबांवर उभा होता ते सगळे घरी आले. रंगरंगोटी तेवढी आली नाही.

आपल्याकडे नव्वदीत घराघरांत जी मशीनं शिरली ती याच फॅमिकॉमच्या चिनी-तैवानी नकला. पिवळ्या कॅसेटी, वर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं, आत मोजकेच गेम नावं बदलून-बदलून. माझ्या दुकानात तक्रार यायची ती ‘गेम लागत नाही, नुसत्या मुंग्या येतात’ अशी. चॅनल ट्यून करून दिलं की काम फत्ते. अशाच एका कॅसेटीत हा हेलिकॉप्टरचा गेम असायचा आणि माझे दोन भाचे सुट्टीत त्याच्यावरून एकमेकांची कॉलर धरायचे. त्यांनी पार्लर पाहिलेलं नव्हतं, आणि बाँब मात्र ते मुंबईच्या पोरांसारखेच राखून ठेवायचे, कुणी न शिकवता.

लेखकाच्या नजरेतून सुटलेली सगळ्यात मोठी गोष्ट पडद्याच्या आकाराची आहे. तिच्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ती माझ्या धंद्यातली आहे.

‘टायगर-हेली’ आणि त्याचा धाकटा भाऊ ‘क्यूक्योकू टायगर’ (१९८७, परदेशात ‘ट्विन कोब्रा’) हे उभ्या पडद्याचे गेम. म्हणजे पार्लरच्या पेटीत मॉनिटर एका कुशीवर फिरवून बसवलेला, रुंदी तीन तर उंची चार. हौस म्हणून नव्हे. समोरून येणारा रणगाडा जितका आधी दिसेल तितका विचार करायला वेळ; पडद्याची उंची म्हणजे खेळणाऱ्याच्या हातातला वेळ. घरचा टीव्ही याच्या उलट, रुंदी चार, उंची तीन. दाराची चौकट खिडकीत बसवायला सांगितल्यासारखं ते काम. जुना वीस इंची टीव्ही घ्या: रुंदी सोळा इंच, उंची बारा. त्यात उभं चित्र न कापता बसवलं तर उंची बारा, रुंदी नऊ. कर्ण मोजा, पंधरा इंच. म्हणजे वीस इंचांचे पैसे मोजून गेम पंधरा इंचांत, आणि दोन्ही बाजूंना मिळून सात इंच काळी पट्टी. गिऱ्हाईक ती बघून दुकानदाराला विचारणार, टीव्ही बिघडलाय का?

म्हणून बहुतेकांनी दुसरा रस्ता धरला. चित्र टीव्हीभर पसरायचं आणि वरचा भाग कापायचा. पण वरचा भाग कापला की रणगाडा उशिरा दिसणार. मग त्याची गोळी हळू करा, नाहीतर तोफा कमी करा, नाहीतर जमीन सावकाश सरकवा. एक खिळा काढला की चार ठोकायला लागतात. ज्याला आपण ‘घरचा गेम सोपा केलाय’ म्हणतो, त्यात बऱ्याचदा ही कापाकापी भरून काढलेली असते. हे काम आळशी माणसाचं नव्हे, आणि ते करणाऱ्यांची नावं शेवटच्या पाटीवरसुद्धा धड येत नसत.

कुणी म्हणेल, टीव्हीच कुशीवर का नाही ठेवला? काहींनी ठेवला. पुढे सॅटर्न-प्लेस्टेशनच्या काळात काही गेममध्ये चित्र फिरवायची सोयच असायची. आमच्याकडे कॉलेजातला एक मुलगा संगणकाचा मॉनिटर उचलून घेऊन आला. “काका, ट्यूब गेली,” म्हणाला. लावून पाहिला तर एका कोपऱ्यात जांभळट डाग, समोरच्या कोपऱ्यात हिरवट. “आडवा पाडला होतास?” विचारल्यावर गडी गप्प. मग हळूच म्हणाला, “हेलिकॉप्टरचा गेम होता, उभा.”

त्यात त्याचा गुन्हा नव्हता. पिक्चर ट्यूबच्या आत लाल, हिरवा, निळा असे तीन झोत असतात आणि पडद्यामागे भोकांची बारीक जाळी. प्रत्येक झोत आपापल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा अशी ती जुळणी केलेली असते, आणि ती ट्यूब ज्या अंगावर बसलीय त्या अंगाने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जो ओढा आहे तो धरून. चालू ट्यूब फिरवली की ओढ्याची दिशा बदलते, झोत शेजारच्या ठिपक्यांवर घसरतात आणि डाग पडतात. ट्यूबभोवती डाग घालवणारी कॉइल असते, पण ती चालते फक्त मशीन सुरू करतानाचे काही क्षण. त्याला सांगितलं, बंद कर, त्या कॉइलची वीज तोडणारा आतला पोझिस्टर गार होऊ दे, आणि कुशीवर ठेवूनच पुन्हा चालू कर. डाग गेले. पैसे घेतले नाहीत. तासभर त्याच्याकडून गेम बघून घेतला. पार्लरमध्ये हेच काम मी हातातल्या गोल कॉइलने करायचो, पडद्यासमोर गोल-गोल फिरवत मागे सरकत जायचं. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला वाटायचं मी मशीनची दृष्ट काढतोय.

‘क्यूक्योकू टायगर’बद्दल आणखी एक. लेखकाने घरच्या आवृत्तीवर ठपका ठेवलाय की ‘दोघांनी एकत्र खेळायची सोय काढून टाकली’. पण पार्लरमध्येच या गेमची दोन रूपं होती. जपानी मशीनवर एका वेळी एकच जण. मेलात की मागच्या ठरलेल्या जागी परत. अमेरिकेतल्या ‘ट्विन कोब्रा’त दोघं एकत्र, आणि मेलात तर जिथल्या तिथे पुन्हा सुरू. हे दोन जवळजवळ वेगळे गेम आहेत. पहिल्यात चूक केली की बाकीची शस्त्रं गेलेलं कफल्लक हेलिकॉप्टर घेऊन तीच जागा पुन्हा काढायची. दुसऱ्यात खिशात नाणी असतील तोवर पुढे. मग घरच्या आवृत्तीची तुलना करायची तर आधी कुणाशी ते तरी ठरवा. तो पीसी इंजिन या घरच्या मशीनवर १९८९ ला आला, पुढे मेगा ड्राइव्हवर आणि अमेरिकेत एनईएसवरही, म्हणजे फॅमिकॉमच्या तिकडच्या रूपावर. टोआप्लान १९९४ ला दिवाळखोरीत बुडाली. आणि २०२१ साली जपानात पुन्हा त्याच एमटूने प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर ‘टायगर-हेली’ आणि ‘क्यूक्योकू टायगर’ एकत्र आणले, पार्लरच्या मापाचं उभं चित्र न कापता. आजचा टीव्ही तर सोळा बाय नऊ, म्हणजे उभं चित्र त्याच्या जेमतेम बेचाळीस टक्के रुंदीत बसतं. उरलेल्या जागेत त्यांनी माहितीच्या पाट्या लावल्या, चालू गेममध्ये आत काय घडतंय ते दाखवणाऱ्या. मोकळी पट्टी दिसली की टीव्ही बिघडला म्हणणारं गिऱ्हाईक आता त्या पट्टीचेच पैसे देतं.

‘सिल्कवर्म’चं लेखात नावच नाही. टेकमोचा, १९८८ चा. हा आडव्या पडद्याचा, त्यामुळे टीव्हीत अलगद बसला. १९८९ ला युरोपातल्या घरगुती संगणकांवर आणि १९९० ला एनईएसवर. एकाने हेलिकॉप्टर घ्यायचं, दुसऱ्याने खालून जीप चालवायची. धाकट्याला जीप मिळायची आणि तो रडायचा, मग जीप उडी मारते म्हटल्यावर थोरला रडायचा.

आता चुकीकडे. लेखातल्या चौकटीत ‘चॉपलिफ्टर’बद्दल लिहिलंय की हा ‘सेगाचा पार्लर गेम नंतर घरच्या संगणकांवर उतरवला’. बरोबर उलटं आहे. तो डॅन गॉर्लिन या माणसाने ॲपल टू या घरगुती संगणकासाठी लिहिला आणि ब्रोडरबंडने १९८२ साली विकला. सेगाने तो पार्लरमध्ये नेला तीन वर्षांनी, १९८५ ला. मग सेगाच्या रूपावरून तो पुन्हा घरी आला, १९८६ ला सेगाच्याच मास्टर सिस्टिम या घरच्या मशीनवर आणि जालेको कंपनीतर्फे फॅमिकॉमवर. घरातून पार्लरमध्ये आणि पार्लरमधून परत घरात, असा प्रवास केलेले गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि लेखकाच्या मूळ मुद्द्याला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. गॉर्लिनच्या गेममध्ये चार इमारतींत सोळा-सोळा असे चौसष्ट ओलीस. हेलिकॉप्टरमध्ये मावणार सोळा. उतरायचं, माणसं धावत येतात, हात हलवतात, आत चढतात, मग तळावर आणून सोडायचं. उतरताना अंदाज चुकला तर तीच माणसं चाकाखाली. रणगाड्यावर झाडलेली गोळी त्यांनाही लागते. हेलिकॉप्टरचं तोंड डावीकडे, उजवीकडे किंवा थेट आपल्याकडे, आणि आपल्याकडे असेल तेव्हा गोळी खाली जमिनीकडे जाते. काळ्या पार्श्वभूमीवर चार रेघा आणि ठिपक्याएवढी माणसं, एवढंच चित्र. तरीही ‘अजून दोघं राहिलेत’ म्हणून माणूस परत वळतो.

सेगाने त्यात चित्राची श्रीमंती ओतली, वाळवंट, समुद्र, गुहा, शहर असे टप्पे केले, आणि पुढे जायला किमान वीस माणसं वाचवायची अट घातली. आणि इंधनाचा काटा आणला. का आणला असेल, हे पार्लरमध्ये नोकरी केलेल्या माणसाला विचारा. घरचा गेम एकदाच विकला जातो. मग तुम्ही एका जागी तासभर घिरट्या घातल्या तरी कुणाचं काही जात नाही. पार्लरमध्ये घिरट्या घालणारं पोरगं म्हणजे अडलेलं मशीन. आमचा मालक संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि एखाद्या मशीनमध्ये नाणी कमी दिसली की मला हाक मारायचा. बोर्डावर बारीक आठ बटणांची पट्टी असते, तिच्यावर गेम सोपा-अवघड, किती लाईफ, हे ठरवता येतं. “एक लाईफ काढ रे,” एवढंच सांगायचा. दुसऱ्या दिवशी पोरं शपथेवर सांगायची की मशीन काहीतरी वेगळं वागतंय, आणि ते खरंच असायचं.

म्हणजे पार्लरचं रूप हे अस्सल आणि घरचं रूप हे नक्कल, असं सरसकट धरता येत नाही. पार्लरचं रूपही कुणाच्या तरी गल्ल्याकडे बघून कातरलेलं असायचं, आणि त्यातही आमच्यासारख्यांनी मागून आणखी एक लाईफ काढलेलं.

तेव्हा विनंती दोन. ‘चॉपलिफ्टर’ची चौकट पुढच्या रविवारी दुरुस्त करावी. आणि त्याच पानावर ‘क्यूक्योकू टायगर’चा पार्लरमधला म्हणून जो फोटो छापलाय तो तीन कॉलमच्या आडव्या जागेत बसवण्यासाठी आपल्याच कार्यालयात वरून आणि खालून कापलेला दिसतो. वरचा स्कोअर गेलाय, खालचे बाँब गेलेत आणि हेलिकॉप्टरची शेपटी अर्धी आहे. दुरुस्ती छापताना तो एका कॉलमात का होईना, पण उभा छापावा.

आपला,
एक जुना टीव्ही मेकॅनिक, मिरज